दर घरी सात

अब्बा, आज शाळेतून आले आणि चहाचं आधणसुद्धा न ठेवता लिहायला बसले. तुम्ही हे जग सोडून गेलात तेव्हा मी तेरा वर्षांची होते आणि कुठल्याच शाळेची पायरी चढलेली नव्हते. आता मी इथे कुवेतमध्येच एका शाळेत लहान मुलांना भूगोल शिकवते. आज फळ्यावर एक नदी काढली, तिच्या वळणाशी चौकोनी घरं काढली, तेवढ्यात एका मुलीने इंग्रजीत विचारलं, "टीचर, इथे माणसं किती राहतात?" मी म्हटलं, विचारून सांगते. वर्ग हसला, कारण ते गाव मीच तर काढलं होतं. पण मला दुसरं उत्तर देता येईना. ते तुमच्यामुळे.

दस्मान मोहल्ल्याच्या बाजूची ती खोली आठवते. आपण तिघं, काका-काकू, आणि तुमचे दोन आतेभाऊ, असे सातजण. माझ्या भाषेची शाळा इथे नव्हती म्हणून तुम्हीच मला शिकवत होतात, शुवैख बंदरातल्या गोदामातून आल्यावर, तोंडावर पाणी मारून, स्वयंपाकघरातल्या तांदळाच्या पेटीपाशी बसून. भूगोलाचं पुस्तक एकच होतं, रत्नागिरी जिल्ह्याचं, आणि ते मला पाठ झालं होतं. मग एके दिवशी तुम्ही अमेरिकेतल्या एका खेडेगावाचा नकाशा घेऊन आलात. बंदरात यंत्रं बसवायला आलेल्या अमेरिकन फिटरचं ते गाव. त्याच्या आईने निघताना बॅगेत घातलेला नकाशा, आठवड्याच्या बोलीवर त्याने तुम्हाला दिला होता. "जसा आणलाय तसाच परत जायला हवा गो," तुम्ही मला बजावलंत आणि चारी कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्यात.

त्या एका कागदावर तुम्ही मला जेवढं शिकवलंत तेवढं मी आजवर कुणाला शिकवू शकलेले नाही. सपाट जमीन, तिच्यातून पूर्वेकडून पश्चिमेकडे सुतासारखी सरळ गेलेली आगगाडीची वाट, दक्षिणेला एक ओढा, रुळांच्या कडेला धान्याची उंच कोठी, दोन लांब रस्ते, त्यांना छेदणाऱ्या गल्ल्या, आणि जिथे जमीन जराशी वर येते तिथे कबरस्तान. तुम्ही काहीच सांगून टाकत नव्हतात, विचारत होतात. ओढ्याला पूर आला तर पाणी आधी कुणाच्या दारात? कबरस्तान वरच का? गाव इथेच का वसलं, चार कोस पुढे का नाही? मी म्हणे, ओढा आहे म्हणून. तुम्ही म्हणत होतात, ओढा तर पुढेही आहे. शेवटी तुम्हीच सांगितलंत की इंजिनाला पाणी घ्यायला थांबावं लागायचं, असं तो फिटर म्हणतो. "जिथे कुणाला तरी थांबावं लागतं तिथे गाव होतं. आपलं खाडीच्या तोंडाशी झालं, हे कुवेत होड्यांसाठी झालं, ते इंजिनासाठी." वर्तमानपत्रापलीकडे काही न वाचलेला गोदामाचा कारकून हे बोलत होता. मी भाग्यवान होते, अब्बा, पण तेव्हा मला ते कळलं नव्हतं.

गावाच्या नावाखाली लोकसंख्या छापलेली होती, तीन अंकी. ती मला खटकली. कुठलीही गोष्ट पडताळल्याशिवाय मला चैन पडत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तुम्ही कामावर असताना मी नकाशावरचं एकेक घर मोजलं, चुकू नये म्हणून प्रत्येक घरावर बारीक ठिपका देत गेले, आणि सातने गुणलं. सातपेक्षा कमी माणसांचं घर मी पाहिलंच नव्हतं. उत्तर चार अंकी आलं. छापणाऱ्याची चूक माझ्या ध्यानात आली याचा इतका आनंद झाला की मी छापील आकड्यावर आडवी रेघ मारली आणि शेजारी खरा आकडा लिहिला. पेन्सिल तुमच्या गोदामातली होती, ती जांभळी, जिभेने ओली केली की शाईसारखी उठणारी. ती खोडरबरने जात नाही हे नंतर कळलं. मी घाबरून नकाशाची घडी घातली आणि तुम्हाला सांगितलं नाही.

शुक्रवारी दुपारी तो फिटर जेवायला आला. चटईवर त्याचे गुडघे मावेनात. अम्मी स्वयंपाकघरातून म्हणाली, "एवढा लांब माणूस, पाय ठेवणार कुठे? जुबैदी माशाचे काटे काढून द्या हो त्याला, घशात अडकला तर तुमची यंत्रं कोण बसवणार?" जेवता जेवता तुम्ही नकाशा त्याच्या हातात दिलात, त्याने तो उघडला आणि बोट आकड्यावर ठेवलं. तुम्ही पाहिलंत. मग माझ्याकडे पाहिलंत, क्षणभरच. आईने दिलेली वस्तू तुमच्या शब्दावर त्याने सोपवली होती, आणि आता उद्या तो गोदामात नेहमीसारखा तुमच्याकडे चहाला तरी येईल का, एवढंच मला दिसत होतं.

गोदामात पेटी फुटली की हमालाचं नाव तुम्ही कधी कागदावर येऊ दिलं नाहीत. "माझ्या ताब्यात असताना फुटली," एवढंच लिहायचं आणि खाली सही करायची. त्या दुपारीही तुम्ही तेच वाक्य बोललात, तुमच्या बंदरातल्या इंग्रजीत. ते खोटंही नव्हतं. त्याने विचारलं, पण हा आकडा आला कुठून? तुम्ही वाकून ते ठिपके पाहिलेत आणि तुम्हाला सगळं कळलं. "घरं मोजली," तुम्ही म्हणालात, "दर घरी सात."

तो तुमच्याकडे बघून मोठ्याने हसला. मग हसता हसता थांबला. एका ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाला, हे आमचं, इथे एक, माझी आई. हे बंद आहे. इथे दोघी बहिणी. इथे एक म्हातारा आणि त्याचा कुत्रा. छापलेला आकडासुद्धा आता खरा नाही, म्हणाला, आणखी कमी असेल. तुम्ही हे अम्मीला सांगितलंत तेव्हा ती दारात आली. "आपल्या गावासारखंच की! आमच्या आळीत पुरुष शोधून सापडायचा नाही. त्याच्या आईला पाणी कोण भरून देतं विचारा." तुम्ही विचारलंत. नळ आहे, तो म्हणाला. "नळ बोलतो होय तिच्याशी?" अम्मी म्हणाली. ते मात्र तुम्ही त्याला सांगितलं नाहीत.

तो गेल्यावर तुम्ही मला समोर बसवलंत. "नकाशा खराब केलास, ते वाईटच. पण त्याहून वाईट काय ठाऊक आहे? घरं मोजलीस, दार एकाचंही वाजवलं नाहीस." बस, एवढंच. पुढच्या शुक्रवारी तुम्ही मला आपल्या गल्लीत दारोदार पाठवलंत, वहीत दोन रकाने आखून, एक इथे असलेल्यांचा, एक दूर असलेल्यांचा. बायका दुसऱ्या रकान्यातली नावं आधी सांगत होत्या आणि मी उंबऱ्याशी उभी राहून लिहीत होते. आणि हो, तो फिटर त्या जेवणाच्या दुसऱ्याच दिवशी गोदामात चहाला आला होता. संध्याकाळी तुम्ही मुद्दाम मला ऐकू जाईल असं अम्मीला म्हणालात, "दोन कप प्यायला."

अम्मी अजून सांगते की त्या दुपारी पोर शरमेने मान वर करेना. मीही ते कधी नाकारलं नाही. हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून तरी खरं लिहिते. दोष तुम्ही स्वतःवर घेतलात आणि मला हायसं वाटलं, हे आहेच. पण तो तुमच्याकडे बघून हसला तेव्हा माझी मान खाली होती ती शरमेने नव्हे, रागाने. मला वाटत होतं, गुणाकार मी केलाय, तो बरोबर आहे, आणि अब्बा तो स्वतःच्या नावावर खपवतायत.