बायकांच्या दगडापलीकडे

कुरामिझु,
नोव्हेंबरची सुरुवात

प्रिय चिझू,

नव्या वर्षाचं कार्ड नाही आणि माझं जाडजूड पत्र आलंय, हे पाहून तुझ्या काळजात चर्र झालं असेल. घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. आमच्या यांचं, एइजींचं, हृदय गोळ्यांवर का होईना चाललंय. मी धडधाकट आहे. आणि सासूबाई चौऱ्याण्णवाव्या वर्षीसुद्धा माझ्या मुळ्याच्या लोणच्यात मीठ कमी पडलंय हे नुसत्या वासावरून सांगतात. इतकी वर्षं आपण त्या कार्डांवर हवापाण्यापलीकडे काही लिहिलं नाही. मी मुरासेंच्या घरात सून म्हणून गेले तेव्हा, सगळं गाव सोडून त्याच घरात का, असं तू विचारलं नाहीस. मीही सांगितलं नाही. एइजी माणूस चांगले, एवढंच माझ्याकडे सांगण्यासारखं होतं. या घरात तुझं नाव निघत नाही, हे मात्र तू न विचारताही ओळखलं असशील.

गाव आता तुला ओळखू येणार नाही. आपल्या शाळेत मशरूम वाळत घालतात. जुन्या गढीच्या उतारावर रानडुकरांचं राज्य आहे. कान्नोन देवीच्या देवळाची किल्ली माझ्या स्वयंपाकघरात खिळ्याला लटकलेली असते, कारण पुजारी होसाका पलीकडच्या खोऱ्यातून महिन्यातून एकदाच येतात. वाटेवरच्या जिझो देवांच्या दगडी मूर्तींची लाल टोपरी मीच विणते. वर्षाचं बाकी सगळं कसंबसं निभतं; अडतं ते शरदातल्या जत्रेला. नवा तांदूळ शिखरावरच्या देवळात पोचल्याशिवाय गावात कुणी त्या तांदळाचा घास तोंडात घालत नाही, हे तुला मी काय सांगायचं! आणि यंदा तो वर नेणारच कुणी उरलं नव्हतं. होसाकांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली, एइजींना डॉक्टरांनी चढ बंद केलेला, आणि तादोकोरोंची पाठ तर अशी वाकलीय की ते आकाश डबक्यातच बघतात. हा विनोद माझा नाही, त्यांचाच.

बैठक आमच्याकडे भरली. “हेलिकॉप्टर मागवू या,” तादोकोरो म्हणाले. “देवाला हेलिकॉप्टरचा तांदूळ पचायचा नाही,” होसाका म्हणाले. “मग देवालाच सांगा खाली यायला,” तादोकोरोंनी सुनावलं. “ आम्ही इतकी वर्षं चढलो, आता त्याची पाळी.” सगळे हसले. शेवटी तादोकोरो चहाच्या पेल्यात बघत पुटपुटले, “नोबुए वहिनी रोज मशरूमसाठी त्या बायकांच्या दगडापर्यंत चढतातच की. पुढे अर्ध्या तासाची तर वाट.” खोलीतला प्रत्येक जण सासूबाईंकडे बघायला लागला. त्या शेगडीशी बसल्या होत्या. “त्या दगडापुढे बाई गेली की काय होतं,” त्या म्हणाल्या, “ते या घरानं बघितलंय.” झालं. बैठक मोडली.

चिझू, तो दिवस मला तुझ्याइतकाच आठवतो. तुझे बाबा वरच्या देवळात दिवा लावायला गेले आणि अंधारून आलं तरी परतले नाहीत. गावचे सगळे पुरुष लाकूडतोडीच्या तळावर. आपण दोघी तेरा वर्षांच्या पोरी, ‘इथून पुढे स्त्रियांनी जाऊ नये’ असं कोरलेल्या त्या दगडापाशी उभं राहून हाका मारत होतो आणि वरून त्यांची क्षीण ओ ऐकू आली. तू मला म्हणालीस, “पळ नोबू, कुणालाही घेऊन ये,” आणि तू वर गेलीस. मोडक्या पायाच्या बापाला पोरीनं खांद्याचा आधार देत दगडापर्यंत आणलं, हे गावानं दोनच आठवडे कौतुकानं सांगितलं. मग वादळ आलं, डोंगर घसरला, आणि मुरासेंचं गोठ्यासकट अर्धं घर गेलं. त्यात एइजींचे वडील गेले. देवळाच्या आवारात सासूबाईंनी सगळ्यांदेखत तुझ्याकडे बोट दाखवलं: हिनं दगड ओलांडला म्हणून देव कोपला. तू बापासाठी वर गेलीस हे मी सांगत होते, कुणी ऐकलं नाही. वसंतात तुमचं घर बंद झालं आणि तुम्ही नागोयाला गेलात. तुझ्या बाबांनी जाताना देवळाचा दिवा घासून ठेवला होता.

बैठकीनंतर काही दिवसांनी, एके दुपारी ओसरीवर सासूबाई आणि मी लाल घेवड्याच्या शेंगा सोलत बसलो होतो, तेव्हा मान वर न करता त्या म्हणाल्या, “डोंगर त्या पोरीनं पाडला नाही.” मी पुढची शेंग घेतली. “देवदार तोडले म्हणून पडला. देवाच्या रानातले देवदार. भाव चांगला आला होता. तोडायला होकार देणारा माझाच माणूस होता, आणि मीच त्याला म्हटलं होतं, हो म्हण, छपराला पत्रे घालता येतील.” मी विचारलं, “आई, हे तुम्हांला केव्हा कळलं?” त्या म्हणाल्या, “केव्हा म्हणजे? चिखलातून त्याला बाहेर काढला तेव्हाच. झाडांची मुळं दिसत होती ना उघडी. पण अगं, लोक त्याला शिव्या देणार होते. मेलेल्या माणसाला! माझ्या पदरात एइजी, शाळकरी पोर. कुणाच्या तरी लेकीवर ढकललं, ते सोपं गेलं.” आणि मग लगेच, “हा दाणा किडका आहे, टाकून दे.”

एवढी वर्षं त्यांच्या हातचं जेवले, त्यांचे पाय चेपले. त्या क्षणी मला त्यांच्याकडे बघवेना. उठून मागच्या अंगणात गेले आणि धुतलेलेच कपडे पुन्हा धुतले. परत आले तर त्या तिथेच, तशाच बसलेल्या. “तांदूळ तू ने,” त्या म्हणाल्या. “आणि मला दगडापर्यंत घेऊन चल.”

जत्रेच्या सकाळी तादोकोरोंनी त्यांना शेतातल्या ढकलगाडीत बसवलं. “मुरासे आजी, कोबी म्हणून विकू का वाटेत?” “मला घेणारा अजून जन्मायचाय, तू ढकल,” त्या म्हणाल्या. दगडापाशी मी थांबले. खरं सांगू? पाय उचलेना. मी काही देवभोळी नाही, तरी कोरलेली अक्षरं पुन्हा वाचली. काठी टेकत तिथवर आलेल्या होसाकांनी मंत्र म्हटला आणि माझ्या पाठीवर तांदळाची पिशवी नीट बांधली. सासूबाई फक्त एवढंच म्हणाल्या, “जा. ती पोर एकटी गेली होती.”

वर काय आहे ते तू बघितलंयस, पण तेव्हा अंधार होता. एक बुटकं देऊळ आहे, आपल्या कोंबड्यांच्या खुराड्याहून जरा मोठं. तांदूळ ठेवला, प्रार्थनेच्या टाळ्या वाजवल्या, आणि काय मागावं ते सुचेना. मागे वळले तर पूर्वेचा उतार समोर. तोडलेल्या देवदारांचे शेवाळलेले खुंट, रांगाच्या रांगा, आणि जिथे खुंट संपतात तिथून सरळ खाली आमच्या घरापर्यंत ती जुनी घसरण. गावातल्या एकाही बाईला हे कधी दिसू शकलं नव्हतं. पुरुषांना मात्र दर शरदात दिसत होतं, चिझू. मी तिथेच खाली बसून रडले.

उतरले तेव्हा सासूबाईंनी विचारलं, “दिसलं?” मी म्हटलं, “दिसलं, आई.” संध्याकाळच्या जेवणाला नवा भात वाढल्यावर, कुणी घास घ्यायच्या आत, त्यांनी मला सांगितलं तेच सगळ्यांना सांगितलं. तुझं नाव घेऊन. पूर्ण नाव, तुझ्या बाबांच्या नावासकट. एइजींनी जेवणाच्या काठ्या खाली ठेवल्या आणि ते उठून बाहेर गेले. तादोकोरो म्हणाले, “आम्हांलाही ठाऊक होतं, आजी.” त्या कडाडल्या, “मग तुम्हीही बोला!” आणि ते म्हातारे एकेक करून बोलले.

आता मी का लिहितेय ते सांगते. सासूबाईंना नागोयाला यायचंय. मी म्हटलं, पत्रातून कळवू; तर म्हणाल्या, “सगळ्यांसमोर बोट दाखवलं होतं, आता माफी पाकिटात घालून पाठवू?” तू काय उत्तर द्यावंस हे मी सुचवणार नाही. माफ कर असंही म्हणणार नाही; ते मागायचा हक्क माझा नाही. तुझी तयारी नसेल तर एका ओळीत ‘नको’ लिही. ते मी त्यांना जसंच्या तसं वाचून दाखवेन, आणि त्यांनी ते ऐकायलाच हवं. पण त्यांच्यासाठी दार उघडलं नाहीस तरी मला एकटीला येऊ दे. तुझ्या बाबांच्या थडग्यापुढे मला उभं राहायचंय, आणि तुझ्या लेकीला, नातवंडांना माझ्या तोंडानं सांगायचंय की त्या संध्याकाळी तू वर का गेलीस. त्या वेळी तिथे मी होते. सांगू शकेल अशी आता मीच एक उरलेय.

तुझीच,
नोबू