चिंधीतला खडा

शुक्रवार, दिवेलागण

उद्या जाळपट्ट्याचा सण. उन्हाळ्यात वणवा जंगलात शिरू नये म्हणून गाव दरवर्षी कडेचं वाळलं गवत मुद्दाम जाळतं. ज्याचं शेत जंगलाला खेटून, त्याच्या घरानं पहिली काडी ओढायची. चुकलं तर आधी त्याचंच पीक जाणार, म्हणून हात जपून चालतो. या वर्षी तो हात माझा. आणि आमचा गहू उभा आहे.

वारा कळावा म्हणून शेताच्या बांधावर रोवलेल्या बांबूवरची चिंधी हलत असेल तर काडी ओढायची नाही, हा नियम माझ्या सासऱ्यांनीच घातलेला. मघाशी तिथं गेले तर वाऱ्यानं पदर खांद्यावर ठरत नव्हता, आणि चिंधी मात्र सरळ लोंबत होती. ओढून पाहिली. टोकाला खडा बांधलेला.

घरी येऊन मामंजींना विचारलं.

"म्याच बांधला," ते म्हणाले. "मागच्या साली वाऱ्यापायी थांबलो, अन् चैतात सारं रान गेलं. जळालेली पाडसं उचलली म्या. औंदा थांबायचं न्हाई."

"अन् आग गव्हात आली तर?"

त्यांनी चहा न पिताच खाली ठेवला आणि उठून ओसरीवर गेले. मामंजींना घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

खडा मी सोडून आणलाय. केवढासा आहे. उद्या नाही म्हटलं आणि चैतात पुन्हा रान पेटलं तर? काडी ओढली तर?

बाहेर लिंब सळसळतोय. ओसरीवरून मामंजी विचारतायत, "सूनबाई, खडा कुठं हाय?"

मी मूठ उघडली नाही.