सर झाडूंच्या खोलीत शिरले त्याची हकीकत

तीर्थस्वरूप आत्यास,

भाचीचा वाकून नमस्कार. (मनातल्या मनात वाकून. खुर्चीवर बसून बसून पाठ इतकी आखडली आहे की खरोखर वाकले तर हे पत्र दुसऱ्या कोणाला तरी पुरं करावं लागेल.) तुझा गुडघा कसा आहे? एक्स-रे काढून आलीस पण रिपोर्ट आणायला गेली नाहीस, असं आईकडून कळलं. त्यावर मी अवाक्षर काढणार नाही. तो आमच्या कामाचा विषय आहे, आणि घरच्या पत्रात मी काम आणत नाही.

तरी तू मागे विचारलं होतंस की मी इथे नेमकं करते काय, म्हणून सांगते. पीएचडीला घेण्याआधी हल्ली उमेदवारी करून घेतात. एखाद्या प्राध्यापकाच्या हाताखाली राहायचं, त्यांची गणितं तपासायची, आणि शेवटी त्यांनी आपल्याबद्दल चार बरे शब्द लिहून दिले की पुढचं दार उघडतं. (नाही दिले तर मागचं दार उघडंच असतं.) आमच्या सरांचं म्हणणं असं, की अर्थशास्त्राच्या पुस्तकातला माणूस फार शहाणा, मिळेल ती माहिती घेणारा. खरा माणूस वाईट बातमीचा नुसता वास आला तरी रस्ता बदलतो. तुला हे उपजतच ठाऊक आहे. आम्हाला ते समीकरणं मांडून सिद्ध करावं लागतं. सरांचा सिद्धान्त त्याच्याही पुढचा होता: असा रस्ता बदलणारा माणूस एकंदरीत सुखी राहतो. म्हणजे अज्ञानात सुख, पण चाळीस पानांत.

तर या चाळीस पानांतली तिसरी पायरी चुकलेली मला सापडली. आधी वाटलं, चूक माझीच. मग पुन्हा पुन्हा तपासल्यावर वाटलं, माझी असती तर किती बरं झालं असतं. शेजारच्या टेबलावर आणखी एक उमेदवार बसतो. (त्याचं प्रत्येक वाक्य ‘समजा’पासून सुरू होतं, म्हणून त्याचं नावच ‘समजा’ पडलं आहे.) त्याला विचारलं, तर तो म्हणाला, “समजा, तू काही पाहिलंच नाहीस.” सल्ला वाईट नव्हता. सर त्याच आठवड्यात मोठ्या परिषदेत तो पेपर वाचणार होते, आणि माझ्याबद्दलचे चार शब्द अजून त्यांच्या लेखणीतून उतरायचे होते. पण तिथे कोणी उठून तीच पायरी दाखवली असती, तर भर सभेत सरांची शोभा झाली असती. ते काही मला बघवलं नसतं.

म्हणून सांगायचं ठरवलं. आता अडचण अशी, की वाईट बातमी टाळणं या विषयात आमच्या सरांइतका तयारीचा माणूस नाही. माझा चेहरा पाहूनच त्यांनी ओळखलं. चहाच्या यंत्रापाशी मी दिसले की त्यांची तहान भागे. जिन्यात दिसले की वर निघालेले सर खाली जात. दाराबाहेर ‘बैठक चालू’ अशी पाटी लावून ते आत एकटेच बैठक भरवत. शेवटी परिषदेच्या आदल्या दिवशी कॉरिडॉरच्या टोकाला आम्ही समोरासमोर आलो. मागे भिंत, पुढे मी. सरांनी हाताशी आलं ते दार उघडलं आणि आत गेले. ती झाडू-बादल्यांची खोली होती.

मी थोडं थांबले. मोठ्या माणसाला लाज वाटेल असं करू नये, हे तूच शिकवलंस. पण थांबून थांबून किती थांबणार? शेवटी दारालाच सांगितलं, “सर, तिसरी पायरी चुकली आहे.”

आत एक बादली सरकली.

“कुठे चुकली?” दार म्हणालं.

“बातमी टाळायला जे कष्ट पडतात, ते धरायचे राहिलेत. ते धरले की माणूस सुखी होत नाही, सर. उलट जास्तच हैराण होतो.”

मी मनातल्या मनात माझ्या शिफारसपत्राला मूठमाती देऊन टाकली.

“खात्री आहे?”

“हो, सर. म्हणून तर इथे उभी आहे.”

“मग जरा बाजूला व्हा,” ते म्हणाले, “हे दार बाहेर उघडतं.”

खांद्यावर एक ओलं फडकं घेऊन सर बाहेर आले आणि थेट फळ्यापाशी गेले. संध्याकाळपर्यंत आम्ही सिद्धान्त उलटा करून सुलटा मांडला. मधेच त्यांनी विचारलं की हे आधी का नाही सांगितलंत. मी म्हटलं, सांगतच होते, तुम्ही पळत होतात. त्यावर ते जराही न ओशाळता म्हणाले की हे उदाहरण पेपरात घालू. परिषदेत त्यांनी चूक माझ्या नावावर जमा केली (शोधल्याबद्दल, केल्याबद्दल नव्हे) आणि परत आल्यावर विचारलं, पीएचडी इथेच कराल का? मी हो म्हटलं. एवढ्या चटकन मी आयुष्यात कशालाच हो म्हटलेलं नाही.

घरात सर्वांना यथायोग्य नमस्कार आणि आशीर्वाद. प्रकृतीला जप.

तुझी भाची

ता. क. बाबांनी त्यांच्या मित्राच्या कंपनीत माझ्यासाठी जागा धरून ठेवली आहे, आणि पुढच्या महिन्यात मी रुजू होणार असं ते सगळ्यांना सांगत सुटले आहेत. मी पुढची पाच वर्षं इथेच राहणार, हे त्यांना तेवढं तू सांग. तू थोरली बहीण, तुझ्यापुढे ते आवाज चढवत नाहीत. मीच सांगितलं असतं, पण सध्या कामाचा फार रेटा आहे.

ता. क. २. ते खूश झाले तर लगेच कळव. रागावले तर पत्र पाठवू नकोस. टपाल रखडलं असेल अशी मी समजूत करून घेईन.