घुम्या अजून वाळूखाली आहे

दि. ३ जून

चि. भाऊस,
अ. उ. आ.

तुझी भिंगरी माझ्याकडे सुखरूप पोचली, त्याला आज बारा दिवस झाले. जेवते, कॉलेजला जाते, माझ्या वह्या तपासायच्या टेबलावर स्वतःचं सामान पसरते आणि दिवसाला सरासरी अकरा शब्द बोलते. त्यातले तीन 'आत्या, मीठ दे' हे असतात. लहानपणी जिचं नाव आपण भिंगरी ठेवलं ती हीच का, अशी मला शंका येते.

फोन करत नाही, कारण फोन बाहेरच्या खोलीत आहे आणि तुझं नाव निघालं की ती आत जाऊन दार लावून घेते. शिवाय फोनवर तू 'हो हो' म्हणतोस आणि ठेवल्याबरोबर विसरतोस. कागद असला की नाकबूल करता येत नाही.

बाप मुलीची डायरी चोरून वाचतात, हे मी पूर्वीही ऐकलं आहे. ते पकडले जातात ते पानं दुमडली म्हणून किंवा चहाचा डाग पडला म्हणून. तू पडलास घड्याळजी. दोन वर्षं करकरणारं ते इवलंसं कुलूप तू हत्याराने उघडलंस, वाचलंस, आणि परत लावण्याआधी त्याला तेल दिलंस! पोरीने किल्ली फिरवली आणि कुलूप लोण्यासारखं उघडलं, तेव्हाच तिला कळलं. चोरी करून निघताना दाराची बिजागरी नीट करून देणारा चोर आपल्याच घराण्यात निपजावा, याचा मला खेद आणि थोडासा अभिमान वाटतो.

असो. तिने आगगाडीत काचेची पेटी नेता येईना म्हणून ते दोन शंखातले खेकडे तुझ्यापाशी ठेवले आहेत. काल तिने त्यांच्याबद्दल मला लागोपाठ सहा वाक्यं सांगितली, म्हणून तातडीने कळवते. पाण्याच्या वाट्या दोन, एक गोड्या पाण्याची, एक खाऱ्या. नळाचं पाणी आधी औषधाचे थेंब घालून ठेवायचं. खारं पाणी कपाटातल्या समुद्री मिठाच्या पुडीतून करायचं, स्वयंपाकाच्या मिठातून नाही. वाळू ओलसर, मूठ वळली तर राहील अशी. मोकळे शंख कोपऱ्यात आहेत ते हलवायचे नाहीत, त्यांना घर बदलावंसं वाटतं. आणि एखादा वाळूत गेला तर त्याला काढायचं नाही. तो कात टाकायला जातो, महिना लागेल, दोन लागतील. हे तिने दोनदा सांगितलं.

पुस्तकात म्हणे यांना संन्यासी खेकडे म्हणतात. पाठीवर घर, तरी शेजाऱ्याच्या मोठ्या घरावर डोळा, आणि संधी मिळाली की त्याला ओढून बाहेर काढायची तयारी. असला संन्यास मी आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये रोज पाहते.

माझा लोभ आहेच. तो वाढेल की आटेल, हे त्या दोन वाट्यांवर अवलंबून.

ताई

--

दि. ९ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पावलं. तुझं अक्षर सुरेख आणि मजकूर नेहमीसारखा. तू जी संस्कृत भाषा शिकवतेस ती बोलणारं कोणी समोर नसतं, म्हणून तुला उलट उत्तराची सवय राहिली नाही, इतकंच म्हणतो. आणि प्राणी पाळण्याबद्दल मला तुझ्याकडून ऐकावं लागावं? तुझ्याकडचं मांजर शेजारी राहायला गेलं होतं, आठवतं ना?

खेकडे उत्तम आहेत. मोठा तो हवालदार, दिवसभर काचेच्या कडेने गस्त घालतो. धाकटा घुम्या, तो शंखाच्या दारात एक नांगी आडवी धरून बसतो आणि माझ्याकडे बघतो. घरात कोणीतरी बघतं आहे, हेही बरं वाटतं. दुकानातून आलो की मी त्यांच्यापुढेच जेवतो. हवालदाराला उकडलेलं अंडं आवडतं. घुम्याला काय आवडतं, ते तो सांगत नाही.

तुझ्या यादीत एक गोष्ट राहिली होती, ती मी माझ्या अकलेने केली. पेटीच्या काचा आतून सतत घामेजलेल्या असत. दमटपणा म्हणजे काय, हे मला तू सांगू नकोस. पंचवीस वर्षांत माझ्या हातून जितकी घड्याळं गेली, त्यातली निम्मी ओल शिरून मेली. म्हणून काचा स्वच्छ पुसल्या, झाकण दिवसा उघडं ठेवलं, आणि नव्या घड्याळांच्या खोक्यात ओल शोषणाऱ्या पुड्या येतात ना, त्या आठ पुड्या चारी कोपऱ्यांत ठेवल्या. आता आत अगदी खडखडीत आहे. हे तिला जरूर सांग.

ती माझ्याबद्दल काही विचारते का? मी विचारलं असं सांगू नकोस.

तुझ्या लोभाचा, टोमण्यांसकट, धनी,
भाऊ

--

दि. १३ जून

चि. भाऊस,
अ. उ. आ.

पुड्या काढ. हे पत्र वाचून पुरं करण्याआधी ऊठ आणि काढ. मी थांबते.

काढल्यास? आता ऐक. तुझं पत्र मी मोठ्या कौतुकाने तिला वाचून दाखवत होते. 'खडखडीत' या शब्दाशी पोरगी अशी उठली की दुधाचं पातेलं आडवं झालं. हे प्राणी जमिनीवर राहत असले तरी श्वास कल्ल्यांनी घेतात आणि ते कल्ले ओले राहावे लागतात. कोरड्या हवेत ते हळूहळू गुदमरतात. काचेवरचा घाम हा त्यांचा प्राणवायू होता, आणि तू तो फडक्याने पुसून काढलास. 'बाबांना प्रत्येक गोष्ट घड्याळ वाटते,' असं ती म्हणाली. मग अर्धा तास बोलत होती, मला एकटीलाच. झाकण लाव, वाळूवर पाणी शिंपड, काचांना घाम फुटू दे. थोडा तुलाही फुटू दे.

एक बरं झालं. तुझ्या अडाणीपणामुळे का होईना, तिचे अकरा शब्द सुटले. आता रोज संध्याकाळी मी शाळेतून आले की ती दारातच विचारते, पत्र आलं का, हवालदार जेवला का. तू जेवलास का, हे विचारत नाही, पण मी ते आपण होऊन सांगते आणि ती कान देऊन ऐकते. कान बाहेरून दिसतात, हे या वयात लक्षात येत नाही.

पुढच्या महिन्यात चार दिवस सुटी आहे. घरी जाशील का, असं मी सहज विचारलं. म्हणाली, बघू, खेकडे कसे राहतात ते बघू. म्हणजे भाऊसाहेब, तुमची परीक्षा चालू आहे आणि तोंडी परीक्षक दोन आहेत, दोघांनाही दहा पाय.

वहिनी असती तर तुला एवढं समजावावं लागलं नसतं. पाच वर्षं तू एकट्याने निभावलंस, हेही मला माहीत आहे. ते फार बोलून दाखवत नाही, नाहीतर तुझी मान ताठ होते.

ओलाव्याची काळजी घ्यावी, आणि जमल्यास माझीही आठवण ठेवावी.

ताई

--

दि. २६ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तिला वाचून दाखवू नकोस. ती घरात नसताना वाच.

पुड्या त्याच मिनिटाला काढल्या होत्या. पाणी शिंपडलं, झाकण लावलं. दोन दिवसांत दोघेही हुशार झाले. मग अठरा तारखेला हवालदार वाळूत गेला. तू सांगितलं होतंस, तिने दोनदा सांगितलं होतं, मला पाठ होतं. पहिला दिवस ठीक गेला. दुसरा, तिसरा. दुकानातही माझं लक्ष लागेना. चौथ्या दिवशी वाटलं, पुड्यांनी काही झालं असेल तर? आत मरून पडला असेल तर? ताई, माझ्यासमोर जे थांबतं ते मी उघडतो. दुसरं मला येत नाही. सहाव्या दिवशी मी डोळ्याला भिंग लावलं, चिमटा घेतला आणि त्याला वर काढलं.

तो जिवंत होता. अंग पांढरटगुलाबी, मऊ, ओल्या कागदासारखं. जुनी कात अर्धी निघाली होती, अर्धी अंगावर. चिमट्याने एक पाय तुटून माझ्या हातात आला. मी घाबरलो आणि घाबरल्यावर जे हात करतात तेच केलं, त्याला कामाच्या गरम दिव्याखाली ठेवलं. दुपारपर्यंत हलायचा थांबला.

आता घुम्याही वाळूत गेला आहे.

मी एक ठरवलं आहे. जिथून तिने हे दोघे आणले त्या दुकानात तेवढ्याच अंगाचे खेकडे आहेत, मी पाहून आलो. एक आणतो, हवालदाराचा शंख त्याच्यासमोर ठेवतो, तो शिरेल. तिला कळणार नाही. तू फक्त हवालदार मजेत आहे असं सांग.

आणखी एक. तिच्या डायरीत मी चारच पानं वाचली. ती तीन महिने बोलत नव्हती म्हणून वाचली. वाटलं कोणी मुलगा असेल, काही आजार असेल. साडेतीन पानं खेकड्यांचीच होती, कोणी कधी काय खाल्लं. उरलेल्या जागेत एक ओळ माझ्यावर. 'बाबांना बिघडल्याशिवाय काही दिसत नाही.' ती ओळ मी कोणाला सांगितली नव्हती.

तुझ्या आधाराची गरज असलेला,
भाऊ

--

दि. ३० जून

चि. भाऊस,
अ. उ. आ.

तुझं पत्र शाळेत वाचलं, मुलं धातू चालवत होती तेव्हा. त्यांनी चार चुका केल्या, मी एकही सुधारली नाही.

बदलीच्या हवालदाराचं पाहते आधी. तुला वाटतं, शंख तोच असला की आतलं कोण आहे हे कळत नाही. जी मुलगी साडेतीन पानं भरून त्याचं खाणंपिणं लिहिते, तिला? अरे, ती त्याला नांगीवरच्या खाचेवरून ओळखते, मला तिने चित्र काढून दाखवलं आहे. कुलपाला तेल लावणाऱ्याने आता तोतया उभा करावा, ही प्रगती म्हणायची की काय? पहिल्या वेळी तू तिचं वाचलंस, या वेळी तिला चुकीचं वाचायला लावणार आहेस. आणि त्या कारस्थानात मला साक्षीदार म्हणून उभी करतोस. एवढी वर्षं मुलांना सत्य बोला म्हणून सांगते. पगारासाठी का होईना, सांगते.

खरं सांगते, मोह मलाही झाला. काल तिने दारातच विचारलं, पत्र आलं का, हवालदार कसा आहे. मी म्हटलं, पत्र अजून वाचायचं आहे. पत्र माझ्या पिशवीत होतं, दोनदा वाचलेलं. व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष होतं.

तेव्हा हे माझं शेवटचं. तू तिला लिही. मला नाही, तिला. काय झालं ते, चिमट्यासकट, पायासकट. क्षमा मागायची असली तर एकदाच माग, पत्रभर रडू नकोस, तिला तुझी समजूत काढायला बसवू नकोस. आठ दिवस वाट पाहते. त्यानंतर तिने विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. मग ती सुटीत आली नाही, पुढल्या सुटीतही आली नाही, तर मला दोष देऊ नकोस.

राहिली ती ओळ. ती वाचून तुला लागलं, हे मला बरं वाटलं. लागायला हवंच होतं. पण ज्याच्यावर राग नसतो त्याच्यावर सोळाव्या वर्षी कोणी ओळ खर्च करत नाही.

घुम्याला हात लावलास तर मी स्वतः येईन. ही धमकी समजावी आणि आशीर्वादही.

ताई

--

दि. ६ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सोबत बंद पाकीट आहे, ते तिचं आहे. चार वेळा लिहून फाडलं, हे पाचवं. चिकटवलं आहे, तुझ्या स्वभावामुळे नव्हे, तिचं आहे म्हणून.

चिमटा आणि भिंग दुकानात नेऊन ठेवलं, घरात आता उघडायचं हत्यार एकही नाही. लोणच्याच्या बरणीचं झाकणसुद्धा शेजाऱ्यांकडून काढून आणलं. घुम्या बारा दिवस वाळूखाली आहे. मी सकाळी झाकणाच्या फटीशी फक्त वास घेतो. मेला असता तर कुजक्या मासळीचा वास आला असता, असं त्या दुकानदाराने सांगितलं. येत नाही. बाकी काहीच माहीत नाही. काही माहीत नसताना माणसं कशी राहतात, तुला ठाऊक असेल तर कळव.

तुझ्या कृपेत असू दे, लायक नसलो तरी.

भाऊ

--

दि. १२ जुलै

ती. बाबांस,
सा. न.

तुमचं पत्र मिळालं. आत्याने ते आधी खिडकीशी उजेडात धरून पाहिलं. कागद जाड होता, तिला काही दिसलं नाही, त्यामुळे ती दिवसभर चिडलेली होती. मी तिला अजूनही सांगितलेलं नाही त्यात काय आहे ते. ती सांग म्हणत नाही, पण तीनदा माझ्या खोलीत पंखा पुसायला आली.

हवालदारासाठी मी रडले. तुमच्यावर खूप राग आला आणि तो अजून गेलेला नाही, हे लिहून ठेवते. तुम्ही दिव्याखाली ठेवलं ते वाचून तर पत्र फेकून दिलं होतं. मग परत उचललं. तुम्ही दुसरा आणणार होतात हेही तुम्ही स्वतःच लिहिलंत, ते नसतं लिहिलं तरी चाललं असतं. मला ते कळलंच नसतं. म्हणजे आणला असता तर कळलं असतं, पण विचार केला होता हे कळलं नसतं.

मी नीट होते. तीन महिने बोलत नव्हते कारण बोलावंसं वाटत नव्हतं. काही बिघडलं नव्हतं. कधीतरी सांगेनही, पण ते मी ठरवेन.

घुम्याच्या बाजूच्या वाळूवर पाणी शिंपडा, थेट त्याच्या डोक्यावर नाही. मोकळ्यांतला मोठा शंख वाळूवरच असू द्या, वर आला की त्याला लागेल. तो माझ्या सुटीत वर येईलच असं नाही. नाही आला तर आपण दोघं बसू.

अठरा तारखेच्या दुपारच्या गाडीने येते. स्टेशनवर यायची गरज नाही.

आलात तर चालेल.

भिंगरी