डब्यातली आयव्ही

रहिमतपूर, १९४४

आवं,

आईंना न विचारता पलटणीत गेलासा, म्हणून त्या अजून तुमचं नाव काढत न्हाईत. रजेत तुमी साहेबाच्या बंगल्यातनं आणून डब्यात लावलेली आयव्हीची वेल लय पिवळी पडली. तुमी सुखरूप ऱ्हावं म्हणून मी रोज सकाळी तुळशीसंगं तिलाबी तांब्याभर पाणी घालत हुते.

एका तिन्हीसांजंला बघते, तर आईबी गुपचूप तांब्या वतत हुत्या! दोघींच्या पाण्यानं मुळं कुजली. "त्याला कळवलंस तर बघ," म्हणाल्या. म्हणून ह्यो कागद पेटीतच ऱ्हाणार.

दोघींनी मिळून सडकं छाटलं, माती बदलली, पाणी तोडलं. आज कोंब फुटला. त्याला बोट लावून आई म्हणाल्या, "आलास व्हय रं, लेकरा?"

वाट बघणारी,
शालू