मुगातला किडा, मसुरीची बरणी

दादा, परवा लेखी परीक्षेचा निकाल लागला, मी पास झाले. सोमवारी मुलाखत आहे. परिसरशास्त्र आणि उत्क्रांती हा विषय घेऊन मला एम.एस्सी. करायचंय, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, बँकेतली नोकरी सोडून. तुम्ही असतात तर आधी चष्मा पुसला असता, मग या लेकीला म्हणाला असतात, "डोकं ठिकाणावर आहे का?" आहे, दादा.

हैदराबादच्या बेगम बाजारातलं आपलं डाळींचं दुकान. मी अकरा वर्षांची, पोत्यांमागे बसून गृहपाठ करणारी. तुम्ही एकदा कुणाला तरी सांगत होतात, "मुगातला किडा मसुरीला लागत नाही." मला ते पटेना. मी एका बरणीत मसूर भरली, मुगातले किडे त्यात सोडले, वर फडकं बांधलं आणि बरणी ठेवली ती नेमकी गल्ल्याशेजारी. एक गिऱ्हाईक येतं, वाकून बघतं. "क्या सेठ, कीडे बी बेचरे क्या?" चार माणसं हसतात. तुम्ही बरणी उचलता आणि समोरच्या गटारात रिकामी करता. "माझ्या दुकानात किडे पाळतेस? लाज नाही वाटत?" मी रडले नाही, पण त्यानंतर दुकानात यायचं बंद केलं.

चार दिवस आपण एकमेकांशी बोललो नाही. मग रविवारी तुम्ही स्वयंपाकघरात माझ्यापुढे दोन बरण्या ठेवल्यात, एकीत मूग, दुसरीत मसूर. "दुकानात नको. इथं कर." आईनं कपाळाला हात लावला. मसुरीतले किडे जवळपास सगळे मेले. पाच-सहा तेवढे जगले. त्यांची पिल्लं थोडी जास्त निघाली, पिल्लांची पिल्लं त्याहून जास्त. दुकानातून आल्यावर चप्पल काढायच्या आधी तुम्ही विचारायचात, "आज किती?" काही महिन्यांनी मसुरीची बरणी किड्यांनी भरून गेली, तेव्हा तुम्ही ती उचलून उजेडात धरलीत. "म्हणजे इतकी वर्षं मी लोकांना चुकीचं सांगत होतो," म्हणालात. आपलं चुकलं, असं स्वतःच्या मुलीला इतक्या सरळपणे सांगणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला मी होते आणि तुम्ही गेलात. दुकान गेलं, मी बी.एस्सी. पुरी करून बँकेत लागले. त्याचं मला दुःख नाही, घर चालायलाच हवं होतं. पण दोन वर्षांपूर्वी मी सुलतान बाजारात एम.एस्सी.च्या प्रवेशपरीक्षेची जुनी पुस्तकं शोधत होते. दुकानदारानं विचारलं, "बेटी के लिए होना क्या, मॅडम?" मी म्हटलं, "नहीं, मेरे लिए." एवढं मोठ्यानं बोलल्यावर मागं फिरायची सोय उरली नाही. पहिल्या खेपेला संख्याशास्त्रानं मला पार आडवं केलं. मग वर्षभर पहाटे उठून, बँकेत जाण्याआधी दोन तास, फक्त तेच गिरवलं. यंदा जमलं. सोमवारी नाही झालं, तर पुढच्या वर्षी पुन्हा बसेन.

हे पत्र कुठं टाकणार? वहीतच राहील. एक मात्र सांगायचं राहिलं. निवड झाली तर हैदराबाद सोडावं लागेल. आईला वाटतंय मी बँकेच्या बढतीची परीक्षा देतेय. काल चिक्कडपल्लीच्या देवळात जाऊन ती माझ्या बढतीसाठी नारळ फोडून आली. मी तो प्रसाद खाल्ला.