थोडं थोडं सगळं

गुरुजी, तुम्ही वारलात हे मला पोलादपूरच्या स्टँडवर कळलं. मुलगी कडेवर होती, गाडी सुटायला आली होती, आणि माहेरच्या वाडीतली एक बाई खिडकीतून ओरडून म्हणाली, "गो, आपले गुरुजी गेले, तुला ठाऊक हाय ना?" मी मान हलवली. ठाऊक नव्हतं. गाडी निघून गेली आणि मी तिथंच बाकावर बसून राहिले. बदली होऊन तुम्ही कधीच घाटावर तुमच्या गावी गेला होतात, पण तुम्ही कुठंतरी आहात असं मी धरून चालले होते. आता ती कडेवरची मुलगी कॉलेजात शिकते, आणि तिच्यापायी मला तुमच्याशी भांडायचं आहे. तुम्ही समोर होतात तेव्हा तोंड उघडायची सोय नव्हती. मेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. म्हणोत.

आपली शाळा म्हणजे एक खोली. पहिली दाराशी, मग दुसरी, मग तिसरी, आणि चौथी फळ्यासमोर. चार यत्ता, चार रांगा आणि शिकवायला तुम्ही एकटे. पहिलीला गिरवायला बसवायचं, दुसरीला शुद्धलेखन घालायचं, तिसरीला पाढे म्हणायला लावायचं आणि चौथीला भूगोल सांगायचा. हे सगळं एका वेळी, एका छपराखाली. मी दुसरीत होते. हातानं शुद्धलेखन लिहीत होते, पण कान काही रांगेत बसत नाहीत, गुरुजी. तुम्ही चौथीला विचारलंत, सावित्री कुठं उगम पावते? चौथीची मोठी मोठी पोरं एकमेकांकडे बघायला लागली. आदल्या दिवशी तुम्हीच सांगितलेलं मी ऐकलं होतं. मी म्हणाले, "महाबळेश्वरला, गुरुजी."

तुम्ही वळलात. मला वाटलं शाबासकी मिळेल. तुम्ही म्हणालात, "तुला विचारलं? आपल्या रांगेत बघ." सगळी खोली हसली, पहिलीतली शेंबडी पोरंसुद्धा. मग सुट्टी होईपर्यंत मला भिंतीकडे तोंड करून उभं केलंत. भिंतीला शेणाचा ताजा हात होता, त्याचा वास अजून येतो मला. मी रडले नाही. एवढंच समजलं नाही, की एका खोलीत चार रांगांना चार गोष्टी सांगायच्या आणि एकीनं चारही ऐकल्या तर तिलाच शिक्षा का?

तुम्ही वाईट होतात असं मी म्हणत नाही. पावसाळ्यात वाटेतल्या पऱ्याला पाणी असलं की तुम्ही धाकट्या पोरांना पाठुंगळी घेऊन पलीकडे सोडायचात. माझ्या पायात बाभळीचा काटा मोडला तेव्हा स्वतःच्या चष्म्याची काच वर धरून तो शोधलात. म्हणून तर राग जास्त येतो. वाईट माणसाचं बोलणं माणूस कानाआड करतो. तुमचं मी खरं धरलं.

चौथी झाली. पुढची शाळा खाली गावात होती. तुम्ही घरी आलात. आमच्या घरी गुरुजी येणार म्हणून आयेनं सकाळीच ओटी सारवली होती. मी चुलीपाशी होते. तुमच्या चहात मी आलं ठेचून घातलं, कारण तुम्हाला खोकला होता. बाबांनी विचारलं, "हिला खालच्या शाळेत घालू काय, गुरुजी?" मी हातात बशी धरून थांबले. त्या घरात तुमच्या शब्दापुढे कुणाचा शब्द नव्हता. तुम्ही नुसतं 'घाला' म्हणाला असता तर बाबांनी घातलं असतं. तुम्ही चहा फुंकत म्हणालात, "लिहिता-वाचता येतंय. मुलीच्या जातीला पुष्कळ झालं." आणि वर म्हणालात, "चहा फक्कड झालाय." तो चहा मी केला होता, गुरुजी. तेवढं मात्र तुम्ही मला शिकवलं नव्हतं, तरी आलं.

मग लग्न होऊन मी कापडे गावाच्या वरच्या अंगाच्या या वाडीत आले. माझे यजमान महाडला एका रद्दीवाल्याच्या टेम्पोवर होते. महाडात पूर आला की आठ-पंधरा दिवस रस्त्याच्या कडेला भिजलेल्या सामानाचे ढीग लागतात. त्यांत गाद्या असतात, कपाटं असतात, आणि पुस्तकं असतात. भिजलेलं पुस्तक रद्दीतसुद्धा कुणी घेत नाही. एका पुरानंतर ते पोतं भरून चिखलाची पुस्तकं घेऊन आले. सासू म्हणाली, "ह्यो काय कचरा आणलास रे?" ते म्हणाले, "तिला वाचायला." एवढंच. मी ती नळाखाली धुतली, मांडवावर वाळत घातली, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर दगड ठेवले. कुठल्याला सुरुवात नव्हती, कुठल्याला शेवट. एक इतिहासाचं, एक विहिरी कशा खणाव्यात त्याचं, एक नाटकाचं, एक बाळंतिणीच्या खाण्यापिण्याचं. मी सगळी वाचली. पुढच्या पुरानंतर आणखी आली. माझं शिक्षण महाडच्या पुरानं केलं म्हणा, आणि त्या माणसानं. तो माणूस जाऊनही आता बरीच वर्षं झाली. संध्याकाळी रस्त्याला टेम्पोचा आवाज आला की मी अजून दाराकडे बघते. त्याचं मला काही वाटून घ्यायचं उरलेलं नाही, बघते एवढंच.

आता मुलीचं सांगते. बारावीला चांगले गुण पडले आणि तिच्या कॉलेजातल्या एका बाईंनी तिला पुण्याच्या विद्यापीठात अर्ज करायला लावला. लिबरल आर्ट्स म्हणतात त्याला. चार वर्षांचं असतं. एक विषय धरायचा आणि बाकीच्यांना पाठ करायची असं त्यात नाही. पहिल्या वर्षी तिचा फोन आला, "आई, आज सकाळी खडकांचा तास झाला, मग जमिनीच्या कायद्याचा, आणि दुपारी एका बाईंनी जात्यावरच्या ओव्या ऐकवल्या. आणि तिन्ही तासांना आम्ही तीच मुलं." मी पायरीवर बसले. मला आपली खोली दिसली, चारही रांगा. फरक एवढाच, की कुणीही कुठल्याही रांगेतून उत्तर द्यावं, आणि त्याला कुणी भिंतीकडे वळवत नाही. गुरुजी, हे असं करता येतं. जगात अशी जागा आहे. तुम्हाला हे ठाऊक नव्हतं की सांगायचं नव्हतं?

वाडीत मात्र वेगळंच पसरलं. माझे धाकटे दीर मुंबईला असतात, वाडीच्या मुंबई मंडळाचे अध्यक्ष आहेत. कुणाचं लग्न कुठं करायचं, देवळाचा पत्रा कधी बदलायचा, सगळं त्यांना विचारून. त्यांनी मुलीला विचारलं, "तुझा विषय कुठला?" तिनं पाच-सहा नावं सांगितली. त्यांनी त्यातून जे काढलं ते पार वाशीपर्यंत आमच्या सगळ्या माणसांत गेलं. "पोरीचा कशालाच नंबर लागला नाय. म्हणून थोडं थोडं सगळं दिलंय. पंगतीला उशिरा गेलेल्याला टोपातलं खरवडून वाढतात ना, तसं." आणि गंमत म्हणजे सगळ्यांना ते पटलं. बाजारात बायका माझी समजूत घालायच्या, "जाऊ दे गो, पुढल्या साली लागेल नंबर." मी त्यांना काय सांगणार होते? मी नुसती भाजी निवडत राहायची आणि आतून जळायची.

दुसरं वर्ष संपवून मे महिन्यात मुलगी घरी आली. आमच्या वाडीच्या झऱ्यावर ती कॉलेजात काहीतरी लिहीत होती, एवढं मला फोनवरून ठाऊक होतं. तांदूळ पाखडता पाखडता, सूपातून वर न बघता म्हणाली, "आई, मी परत नाही जात. काका मुंबईत नर्सिंगचं बघतायत. तेच करते." मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "तिथं विचारतात तू कुठली, इथं विचारतात तू कोण होणार. दोन्हीकडे मी गप्पच असते. कंटाळले." नर्सिंगला मी नाव ठेवणार नाही. तिचे बाबा महाडच्या दवाखान्यात होते तेव्हा ज्या नर्सबाईनं त्यांचं अंग पुसलं तिचे पाय मी आजही धरीन. पण हिला ते करायचं नव्हतं. हिला फक्त लोकांच्या प्रश्नाला एका शब्दाचं उत्तर हवं होतं. आणि तेवढ्यासाठी ती सगळं सोडून निघाली होती. तुम्ही 'घाला' म्हणाला नाहीत, तशी मी 'जा' म्हणाले नाही. तुम्ही तरी चहा फुंकत होतात, माझ्या हातात तोही नव्हता.

त्याच आठवड्यात मंडळाची वार्षिक पूजा होती. सत्यनारायण झाला, महाप्रसाद झाला, आणि दुपारी देवळासमोरच्या मांडवात गुणवंतांचा सत्कार. दीर माईकवर नावं घेत होते. अमक्याची मुलगी, नर्सिंग. टाळ्या. तमक्याचा मुलगा, डिप्लोमा, मेकॅनिकल. टाळ्या. मग माझ्या मुलीचा नंबर आला. ते म्हणाले, "आणि ही आमची पुतणी. हिचं... शिक्षण चालू हाय." मागून कुणीतरी म्हणालं, "चालू हाय, पण कुठं चाललंय?" मांडव हसला. मुलगी नारळ घेऊन खाली मान घालून उभी. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला ओळखीचं होतं. आमच्या मांडवात बायका एका बाजूला बसतात, त्यात नवरा नसलेली बाई पार कडेला. तिथून कुणी उठून बोलत नाही. मी उठले.

"भावजी," म्हटलं, "सगळ्यांच्या शिक्षणाचं नाव घेतलंत. हिच्याच का नाय?"

"वहिनी, नाव असंल तर घेणार ना!" पुन्हा हशा.

"नाव नसू दे. काम ऐका," मी म्हणाले. आता बसले असते तर जन्मभर बसूनच राहिले असते. "ही आपल्या झऱ्याचा अभ्यास करते. एवढा पाऊस पडतो आणि चैत्रात झरा आटतो, तो का, ते हिनं शोधलंय. पाऊस कमी झालाय म्हणून आटतो. हिनं कॉलेजात लिहून दिलंय तसं."

बरीच माणसं माना डोलवायला लागली. सगळ्यांना तेच वाटत होतं. आणि माझी मुलगी, जी दोन वर्षं दोन्हीकडे गप्प होती, ती मांडवात सगळ्यांसमोर कडाडली, "आई, काय पण काय सांगतेस! असं कुठं लिहिलंय मी?"

"मग कसं?" मी म्हणाले.

"पाऊस तेवढाच हाय! पडतो आणि दोन दिवसांत सावित्रीला जातो. जो खडकाच्या भेगांत मुरतो तेवढाच झऱ्याला येतो. आणि मुरणार किती, ते वरच्या माळावर काय झालंय त्याच्यावर." तिनं नारळ खुर्चीवर ठेवला. हात मोकळे झाले तशी ती भराभर बोलायला लागली. माळावरची माती कुणी काढून नेली, तो माळ कागदावर कुणाच्या नावावर आहे आणि पूर्वी तिथं गुरं कधी सोडायची नाहीत असा वाडीचा नियम होता, तो कधी मोडला. "खडकाचं खडकवाल्या सरांना माहीत हाय, त्यांना सातबारा वाचता येत नाय. कायद्याच्या मॅडमना सातबारा येतो, त्यांनी झरा बघितलेला नाय. आणि बायका पाण्याला खाली कधीपासून जायला लागल्या, हे दोघांनाही माहीत नाय, कुठं लिहिलेलंच नाय. म्हणून एका विषयात हे मावत नाय, काका. उरलंसुरलं दिलं म्हणून नाय!"

कडेला बसलेली आमची शेजारीण म्हातारी ओरडली, "पाण्याला कधीपासून खाली जातो ते मला इचार ना गो! माझी कंबर मोडली त्याच्यात!"

"तुझ्याकडेच येणार हाय, आज्ये."

दिरांनी माईक पुन्हा तोंडाशी धरला. चिडले नव्हते ते, खरं म्हणजे ऐकत होते. म्हणाले, "बरं, मग झऱ्याला पाणी राहील काय बारा महिने, ते सांग."

"ते अजून मला माहीत नाय," ती म्हणाली. "अजून दोन वर्षं हायत ना माझी."

बोलून झाल्यावर तिला स्वतःलाच ते ऐकू आलं असावं. तिनं माझ्याकडे बघितलं, नारळ उचलला आणि खाली येऊन बसली. नर्सिंगचं नाव मग घरात निघालं नाही. जूनमध्ये ती पुण्याला गेली. दीर जाताना मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही लय पोचलेल्या. पोरीला बोलतं करायला मुद्दाम चुकीचं सांगितलंत." आता वाडीत सगळे तेच म्हणतात. मुलगीसुद्धा फोनवर हसून म्हणते, "आई, तू ग्रेट आहेस, मला बरोबर उचकवलंस."

मी हसते. नाही म्हणत नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. तुमच्या घाटावरच्या गावाचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं, आणि तिथं आता पत्र घ्यायला तुम्ही नाही. ते माझ्या पिशवीत राहील आणि पावसाळ्यात ओल धरेल. पण तुम्ही मास्तर होतात, म्हणून जे मी मुलीलाही सांगितलेलं नाही ते तुम्हाला सांगते. मी मुद्दाम चुकले नव्हते. पाऊस कमी झालाय असंच मला वाटत होतं. ती मांडवात बोलत होती तेव्हा तिची आई म्हणून मला अभिमान वाटायला हवा होता. तो वाटला, पण नंतर. आधी मला तिचा हेवा वाटला, गुरुजी.